गल्लीचं स्वरूप

बाईंनी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "जरा धरा हो भाऊ, माझंच नाव पुकारलं वाटतं." त्यांनी अंगावरची शाल सारखी केली, पुढच्या बाकाच्या पाठीला धरून उठल्या, आणि अर्ध्यातच वळून हळूच सांगितलं, "घराच्या किल्ल्या आहेत आत. लक्ष असू द्या." मग सभागृहाच्या मधल्या वाटेने त्या पुढे निघाल्या. गुडघा दुखत असावा. एक पाय जरा ओढत होत्या. त्याने पिशवीचे दोन्ही बंद एका मुठीत घेतले आणि दुसरा हात वर ठेवला. पिशवी जड नव्हती. आत काहीतरी गोल होतं, डबा असेल, आणि हाताखाली किल्ल्यांचा जुडगा लागत होता. तो ताठ बसला. कुणी त्याच्याकडे काही सांभाळायला देऊन इतकी वर्षं झाली होती की त्याला क्षणभर आपण हे नीट करतोय ना अशी शंका आली. पिशवी सांभाळताना माणसं कुठे बघतात? पिशवीकडे की समोर? त्याने समोर पाहिलं. बाई ध्वनिक्षेपकापाशी पोचल्या होत्या. आपण कुठे राहतो ते त्या सांगत होत्या. ज्या घरावरून आजची सभा होती त्या घराच्या अगदी समोर, निळ्या फाटकाच्या घरात. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की त्या विरोधात बोलायला उभ्या राहिल्या आहेत. खरं तर हे आधीच कळायला हवं होतं. मागच्या बाकांवर सगळी त्या गल्लीतलीच माणसं बसली होती, आणि ती काही टाळ्या वाजवायला आली नव्हती.

रुग्णालयाच्या समाजसेविका मॅडम पुढच्या रांगेत बसल्या होत्या, संस्थेच्या लोकांबरोबर. पुढे जागा उरली नव्हती म्हणून त्यांनी त्याला मागे बसायला सांगितलं. "बोलायचं काम आमचं," त्या बसमध्येच म्हणाल्या होत्या. "तुम्ही नुसतं ऐका, आणि परत जाऊन बाकीच्यांना सांगा. तुमच्यातलं कोणीतरी तिथे असायला हवं, नाही का?" बाकीचे म्हणजे मास्तर, शिंपी आणि एक अबोल गृहस्थ. असे ते चौघे. चौघांचीही तब्येत कधीची ठीक झाली होती. सोडायला डॉक्टर तयार होते, न्यायला कोणी नव्हतं. म्हणून एका संस्थेने ते घर भाड्याने घ्यायचं ठरवलं, पाण्याच्या टाकीजवळचं, वर एक मजला असलेलं. चौघांनी तिथे राहायचं, रोज सकाळी संस्थेचा एक माणूस येऊन चौकशी करून जाणार. पण घराचा वापर बदलतोय म्हटल्यावर नगरपालिकेची परवानगी लागते, आणि परवानगीचा प्रश्न आला की शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आज ते ऐकून घेणं चाललं होतं.

बाई शेजारी येऊन बसल्या तेव्हा काही सुरू झालं नव्हतं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही कुठल्या बाजूला राहता? शाळेकडे की टाकीकडे?" "टाकीकडे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, नुसतं थोडं लवकर होतं. "तरीच मी म्हटलं, कधी पाहिलं नाही. आमच्याकडे अलीकडे कोण येतं, कोण जातं, पत्ता लागत नाही. पूर्वी एकाच्या घरी शिंकलं की दुसऱ्याच्या घरून विचारायला यायचे." त्यांचा चष्मा सारखा नाकावर घसरत होता आणि दर वाक्याला त्या तो वर ढकलत होत्या. शेवटी त्याला राहवलं नाही. "डावी काडी सैल झालीय," तो म्हणाला, "द्या इकडे." अंगठ्याच्या नखाने त्याने बिजागरीतला स्क्रू फिरवला, काडी उघडझाप करून पाहिली, शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या. काचेवर एक ओरखडा होता, अगदी नजरेच्या वाटेत. "उजव्या डोळ्याची काच बदलून घ्या," तो म्हणाला. "डोकं दुखत असेल संध्याकाळचं." बाईंनी चष्मा लावून त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच तिथे आलाय. "दुखतं खरं. तुमचं दुकान आहे का?" "दुकानात होतो," तो म्हणाला, "मागच्या खोलीत. भिंगं घासायचं काम." मग त्यांनी त्याला बिस्किट दिलं, आणि त्याने ते खाल्लं.

आता त्या बोलत होत्या. आवाज आधी कापरा, मग सरळ. "मी काही वाईट मनाची बाई नाही," त्या म्हणाल्या. "आजारपण कुणाला चुकलंय? माझ्या यजमानांचं मी सगळं हातांनी केलं, त्यांना शेवटी मीही ओळखू येत नव्हते. तेव्हा मला कुणी माणुसकी शिकवू नये. पण मुलगी आणि जावई दिवसभर कामावर असतात आणि शाळा सुटल्यावर नात माझ्यापाशी असते. या मॅडम म्हणतात, औषध घेतात तोवर काही होत नाही. मान्य. पण एखाद्या दिवशी नाही घेतलं तर? मला एवढंच कुणीतरी सांगावं. त्या दिवशी समोर मी असणार आणि माझी नात असणार. साहेबलोक आपापल्या घरी गेलेले असणार." मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यालाही हसू येता येता राहिलं, कारण म्हणणं अगदी खरं होतं. त्याच्या आयुष्यातल्या त्या दिवशीही साहेबलोक घरीच गेलेले होते.

त्या दिवशी त्याने औषध घेतलं नव्हतं. त्याआधीचे कितीतरी दिवस घेतलं नव्हतं. गोळ्यांनी हाताला कंप सुटायचा आणि कापऱ्या हाताला भिंग घासता येत नाही; मालक पहिल्यांदा समजून घ्यायचे, मग उसासा टाकायचे, मग नुसतेच बघायचे. म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या. हात स्थिर झाला. आणि मग भिंगं हळूहळू त्याच्याकडे पाहायला लागली. आधी एखादंच, चाकावर फिरता फिरता, मग ट्रेमधली सगळी. ज्यांची ती भिंगं होती ती माणसं त्यांतून त्याला बघत होती आणि आपसांत काही ठरवत होती. हे तो आजही हसण्यावारी नेऊ शकत नव्हता. ते खोटं होतं हे त्याला माहीत होतं, पण घर जळून गेल्यावर आग विझलेली असते तसं माहीत होतं. ती माणसं घरी येणार असं जेव्हा नक्की झालं, तेव्हा त्याने आईला न्हाणीघरात नेलं आणि बाहेरून कडी लावली. तिला काही होऊ नये म्हणून. आई आधी हाका मारत होती, त्याच्या लहानपणच्या नावाने. मग दार वाजवत राहिली. मग तेही थांबलं, आणि दाराबाहेर पाठ टेकून बसलेल्या त्याला वाटलं, चला, आता ती सुरक्षित आहे. संध्याकाळी ताई आली आणि तिने कडी काढली. आई पालथ्या बादलीवर बसलेली होती. बाहेर येऊन ती पहिलं वाक्य ताईला काय म्हणाली, तर, "त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही." शेजाऱ्यांना तिने सांगितलं की कडी आपोआप पडली. बाहेरची कडी आपोआप कशी पडते, हे कुणी विचारलं नाही. आई गेली तेव्हा तो वॉर्डात होता, आणि त्याला ते बरेच दिवसांनी सांगितलं, प्रकृतीला झेपेल अशा बेताने.

एखाद्या दिवशी नाही घेतलं तर? आता तो घेतो. रोज घेतो, हाताच्या कंपासकट घेतो. भिंगाचं काम गेलं ते गेलंच. वॉर्डातल्या लोकांच्या चष्म्यांच्या काड्या तेवढ्या नीट करतो. पण 'उद्याही नक्की घेईन' हे त्या ध्वनिक्षेपकापुढे उभं राहून शपथेवर सांगायची वेळ आली असती, तर त्याने काय सांगितलं असतं? मॅडम उठून सांगत होत्या. औषधं संस्थेच्या माणसासमोर दिली जातील, दर आठवड्याला डॉक्टर बघतील, दुसऱ्या गावांमध्ये अशी घरं आहेत आणि कुठेही अमुक एक घडलेलं नाही. त्या चांगलं बोलत होत्या. फक्त त्या 'हे रुग्ण' म्हणत होत्या, आणि दर वेळी तो शब्द आला की आपल्या मांडीवर बाईंची पिशवी आहे याची त्याला नव्याने जाणीव होत होती. मग नगरपालिकेच्या समितीतले एक सभासद पाण्याच्या निचऱ्याबद्दल बोलले. दुसऱ्यांनी विचारलं की चार प्रौढ माणसं म्हणजे गाड्या किती, आणि त्या लावणार कुठे. तो चकितच झाला. त्यांच्यात शिंप्याची काय ती एके काळी सायकल होती, तीही भावाने विकली.

बाई परत येऊन बसल्या. श्वास लागला होता. "नीट बोलले ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "ऐकू आलं इथपर्यंत?" "आलं," तो म्हणाला. "स्पष्ट आलं." त्यांनी पिशवी परत घेतली नाही. तशीच त्याच्या मांडीवर राहू दिली, ओळखीच्या माणसाकडे राहू देतात तशी.

अधिकाऱ्याने अहवाल वाचायला सुरुवात केली आणि त्याचं मन त्या घरात गेलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मॅडम चौघांनाही दाखवायला घेऊन गेल्या होत्या. रिकाम्या घराचा वास होता, चुन्याचा आणि बंद नळांचा. मास्तर आधी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याची उंची हाताने मोजून "छान" म्हणाले. सगळा जन्म त्यांनी चहादेखील स्वतःचा केला नव्हता, पण आता त्यांना भाजी चिरायला शिकायचं होतं. शिंप्याने सगळ्या खिडक्यांची मापं घेतली आणि पडद्याला कापड किती लागेल ते सांगून टाकलं. त्याच्या स्वतःच्या वाट्याची खोली वर होती, जिन्यासमोर. लहानशी. एक खिडकी, भिंतीत एक फडताळ. तो आत गेला आणि सहज दार लोटलं तर ते लागलं, आणि लागलेल्या दाराला आतून कडी होती. वॉर्डात कुठल्याही दाराला आतून कडी नसते, न्हाणीघराच्यासुद्धा नाही. ते बरोबरच आहे, त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक? तरी त्याने ती कडी लावली आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. काही झालं नाही. खिडकीतून समोरच्या घराचं निळं फाटक दिसत होतं. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली आणि मॅडमचा आवाज आला, "आत येऊ का?" तो उत्तर द्यायचंच विसरला. कितीतरी वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. वॉर्डात सगळे येतात, भल्यासाठी येतात, काळजीने येतात, पण येतातच. मग तो "या" म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याला वाटलं की अरे, हा तर घरातल्या माणसाचा आवाज. त्या दिवशी परतल्यावर त्याने ताईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं रे बाबा. एक काळजी मिटली." ताईकडे दोन खोल्या आणि चार माणसं. भाऊजी स्वभावाने वाईट नाहीत, तो गेला की नुसते उठून चप्पल घालतात आणि बाहेर कुठेतरी जातात, तो निघेपर्यंत. "तू पूर्ण बरा झालास की बघू," असं ताई बरीच वर्षं म्हणत होती. मग तो बरा झाला, आणि 'बघू' तेवढं राहिलं.

मतदान झालं. मतदान म्हणजे हात वर करणं. त्याने मोजायचा प्रयत्न केला पण हात भरभर खाली आले. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि निर्णय वाचला. परवानगी नाकारण्यात येत आहे. वाहनं लावायला जागा अपुरी आहे, आणि प्रस्तावित वापर गल्लीच्या स्वरूपाशी सुसंगत नाही. मग ते म्हणाले, "पुढचा विषय," आणि पुढचा विषय एका दुकानाच्या पाटीचा होता. गल्लीचं स्वरूप. तो ते मनात घोळवत राहिला. माणसांना आजार असतो तसं गल्लीला स्वरूप असतं, आणि दोन्ही दुसऱ्यांनाच दिसतं. बाक कुरकुरायला लागले, लोक उठत होते, कुणी बाईंच्या खांद्यावर थोपटून गेलं. त्या मात्र बसूनच होत्या. "झालं बाई," त्या म्हणाल्या, पण आनंद झालेल्या माणसासारख्या म्हणाल्या नाहीत. "तीन रात्री झोप नाही मला. आता त्या बिचाऱ्यांची दुसरीकडे कुठे सोय झाली म्हणजे मिळवली. होईल ना हो?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

नगरपालिकेच्या पायऱ्या उंच होत्या. त्याने पिशवी एका हातात धरली आणि दुसरा हात पुढे केला. बाई त्याच्या हाताला धरून एक एक पायरी उतरल्या. त्यांचा हात गरम होता आणि त्याच्या हातावर त्यांनी पुरता भार टाकला होता. खाली वारा सुटला होता, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. "जावई येतो गाडी घेऊन," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सोडतो ना आम्ही. टाकीपाशीच ना?" काहीतरी सांगून सटकता आलं असतं. बाजारात जायचंय, कुणाला भेटायचंय. मॅडम अजून वर संस्थेच्या लोकांशी बोलत होत्या. पण हाताला धरलेल्या माणसाला थाप मारणं त्याला जमेना.

"मी तिथे राहत नाही," तो म्हणाला. "राहायला येणार होतो. तुमच्या समोरच्या घरात."

बाईंना चटकन कळलं नाही. मग कळलं. त्यांनी हात सोडला नाही, पण हातातला भार काढून घेतला; ते त्याला स्पष्ट जाणवलं.

"आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मला बोलू नका म्हणून सांगितलं होतं."

"मी तुमच्याबद्दल नव्हते हो बोलत."

"माझ्याबद्दलच होतं, काकू." तो म्हणाला. रागाने नाही, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. "ते जे तुम्ही विचारलंत ना, एखाद्या दिवशी नाही घेतलं तर. ते बरोबर विचारलंत. मीही विचारतो."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चष्मा आता घसरत नव्हता. "आणि मग? काय उत्तर मिळतं?"

"उत्तर मिळत नाही. सकाळ झाली की गोळी घेतो."

"आमचे हे," बाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी मला घरातली कामवाली समजायचे. पगार वाढवून देतो म्हणायचे." त्या किंचित हसल्या आणि ते हसू तिथेच राहून गेलं. "माझी नात लहान आहे हो, भाऊ." "हो," तो म्हणाला. "सात वर्षांची आहे," बाई म्हणाल्या. "हो." "तुम्ही वर जाऊन बोलला असतात, तर..." त्या थांबल्या. तर काय, हे त्यांनाही ठाऊक नसावं. गाडी आली तेव्हा जावयाने आतूनच दार उघडलं. बाईंनी पिशवी घेतली. ओढून नाही, सावकाश, त्याने पुढे केल्यावर. गाडीत बसताना त्यांनी जावयाला काहीतरी सांगितलं, जावयाने मान वाकवून त्याच्याकडे पाहिलं, आणि गाडी जागची हलली नाही. त्याच्या लक्षात आलं की त्या आपल्यासाठी थांबल्या आहेत. मागचं दार उघडावं की नाही, हे आत ठरत होतं, किंवा त्याने ते उघडावं याची वाट बघितली जात होती. त्याने हात वर करून 'जा' अशी खूण केली. बाईंनीही हात वर केला. मग गाडी गेली.

परतताना बसमध्ये मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "पुन्हा अर्ज करता येईल," एकदा त्या म्हणाल्या. "दुसरं घर बघू." त्यांचा आवाज फाटला होता आणि त्याला वाटलं, यांनाही घरी जाऊन कुणालातरी हे सांगावं लागणार. "तुम्ही छान बोललात," तो म्हणाला. त्यांनी मान हलवली.

वॉर्डाच्या व्हरांड्यात मास्तर आणि शिंपी बाकावर बसले होते, स्टेशनवर बसावं तसे, पाय जुळवून. जेवणाची घंटा होऊन गेली होती तरी जेवायला गेले नव्हते. त्याने काही सांगायच्या आधीच शिंप्याने त्याचं तोंड पाहिलं, उठला, आणि आत निघून गेला. मास्तर मात्र बसून राहिले. ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

"कारण काय दिलं?"

"गाड्या लावायला जागा नाही म्हणाले."

मास्तरांनी विचार केला. "आपल्याकडे गाडी कुठे आहे?"

"तेच."

"मग हे कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवं होतं." मास्तरांनी वर्गातल्या चुकीच्या उत्तराकडे बघावं तसं थोडा वेळ समोर पाहिलं. रागावले नव्हते. व्हरांड्याच्या पलीकडे आचाऱ्याने भांडी आपटली. आतून शिंप्याची काही चाहूल येत नव्हती. तो मास्तरांच्या शेजारी बसला. मास्तरांच्या बोटाला पट्टी होती. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कांदा चिरून पाहिला असणार. त्याने त्याबद्दल विचारलं नाही.

"बरं, माणसं कशी आहेत तिथली?" मास्तरांनी विचारलं. "त्या गल्लीतली. तुम्ही पाहिलीत ना?"

त्याच्या हाताला अजून बाईंच्या हाताची ऊब होती, आणि जिथून भार निघून गेला ती जागाही.

"चांगली आहेत," तो म्हणाला.

मास्तरांनी समजल्यासारखी मान हलवली. "मग बरं झालं असतं राहायला," ते म्हणाले, आणि जेवायला जाण्यासाठी भिंतीला धरून उठले.